शंकेचा फायदा फलंदाजाला

एकतीस वर्षं लोक मला आंधळा म्हणतायत. तोंडावर म्हणतात, पाठीमागे म्हणतात, लाऊडस्पीकरवरूनही म्हणतात. एकदा तर एका म्हातारीने भर ओव्हरमध्ये मैदानात येऊन स्वतःचा चष्मा माझ्या हातात दिला होता. मी तो उजेडात धरून पाहिला आणि काच पुसून घ्या असं सांगून परत केला. तेव्हा आंधळा या शब्दाचं मला काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी काशीराम घरत. पाटबंधारे खात्यात कारकून होतो, पण ते पोटासाठी. खरा मी टेनिस बॉल क्रिकेटचा अंपायर. पनवेल-उरणकडे ज्यांची सोयरीक नाही त्यांना यातलं काही कळायचं नाही. आमच्याकडे लग्नाची तारीख काढताना आधी टूर्नामेंटचं वेळापत्रक बघतात आणि मग पंचांग. पहिलं बक्षीस मोटारसायकल, सामने यूट्यूबवर लाइव्ह, आणि एका नो-बॉलवरून दोन गावांनी चार वर्षं एकमेकांकडची हळद टाळलेली. अशा ठिकाणी मध्ये उभं राहायला डोळे लागतातच, पण छाती जास्त लागते.

माझे नियम दोनच. पहिला, शंका असेल तर फायदा फलंदाजाला. दुसरा, बोट एकदा वर गेलं की ते कोणाच्या बापाला खाली करता येत नाही. या दोन नियमांवर मी एकतीस हंगाम काढले. एका संघाने घरी बोकड पाठवला होता, तो मी त्याच टेम्पोतून परत पाठवला. मालूला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, तो बोकड अजून आठवतो.

तर गेल्या फेब्रुवारीत उलव्याला सेमीफायनल होती. चिरनेर गावाच्या संघाला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या आणि खेळत होता त्यांचा कॅप्टन केतन. हा केतन माझा सख्खा भाचा, शांतीताईचा मुलगा. मी लेग अंपायर होतो. दुसऱ्या धावेला तो परत माझ्या टोकाकडे सुसाट आला, थ्रो आला, बेल्स उडाल्या. मी क्रीजकडे पाहिलं. मला माती दिसली. बॅट दिसली नाही. मी बोट वर केलं.

पुढचं सगळं यूट्यूबवर आहे, फक्त रनआउट सोडून. कारण त्यांचा एकुलता एक कॅमेरा माझ्या मागे होता आणि त्यात माझी पाठ दिसते, शर्टाला आलेला घाम दिसतो, वर जाणारं बोट दिसतं. कोणीतरी त्या पाठीला ढोलकी लावून व्हिडिओ फिरवला. त्याचंही मला काही नाही. पण शांतीताईने बोलणं टाकलं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आईमागे तिनेच मला वाढवलं. भाऊबीजेला मी दारात खुर्ची टाकून दुपारपर्यंत बसलो होतो. ती आली नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण म्हणून मी निर्णय बदलणार होतो की काय?

डिसेंबरात नवा हंगाम आला तशी कमिटीने नवा ठराव केला, की पन्नाशीच्या वरच्या सगळ्या अंपायरांनी डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र आणावं. पन्नाशीच्या वरचे सगळे अंपायर म्हणजे मी. कमिटीचे अध्यक्ष बुधाजी पाटील, पूर्वी आमच्याबरोबर मिठागरावर उघडे फिरायचे, आता बिल्डर झालेत. ते म्हणाले, "काशीरामभाऊ, आमचा तुमच्यावर विश्वास हाय. पन लोकांचं त्वांड बंद व्हयाला कागद पायजे. गोल शिक्क्याचा."

मी म्हटलं, आमच्या गच्चीवरून मला कर्नाळ्याचा सुळका दिसतो. आणखी काय दिसायला पाहिजे? पण कागद तर कागद. निम्मं आयुष्य मी लोकांकडून कागद आणवण्यात घालवलंय, त्यामुळे एक कागद मिळवणं म्हणजे सकाळचं काम, असं धरून चाललो.

शेजारचे मितेशभाई ही आमच्या मजल्यावरची सल्ल्यांची पाणपोई. ते म्हणाले, "डॉक्टरकडे कशाला? माझ्या साडूचं चष्म्याचं दुकान आहे, कॉम्प्युटरवर फुकट तपासतो." गेलो. साडूने शेवटची ओळ वाचायला लावली, मी ती वाचून खाली छापलेला छापखान्याचा पत्ताही वाचून दाखवला. साडूने लगेच कागद दिला. बुधाजींनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "याच्यावं तर 'एका फ्रेमवर दुसरी मोफत' लिवलंय." कागद नामंजूर.

मग नाइलाजाने डॉक्टर. पनवेलला तलावाकडे अनुष्का नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी त्यांना सांगितलं, मला तपासणी नकोय, पत्र हवंय. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय लिहीत नाही. ही गोष्ट मला आवडली, कारण मी पण बघितल्याशिवाय देत नाही. मी यंत्रावर हनुवटी टेकली.

"प्रेशर अठ्ठावीस आहे," त्या म्हणाल्या.

"काहीतरी चुकतंय. माझं बीपी एकशे तीस असतं."

"डोळ्यातलं प्रेशर, काका. घरात कोणाला काचबिंदू होता का?"

"नाही."

"वडिलांची नजर शेवटपर्यंत चांगली होती?"

"त्यांना मिठाची झळ बाधली होती," मी म्हटलं. "उभा जन्म मिठागरात गेला. त्या पांढऱ्या उन्हाने गेले डोळे."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मी सांगितलं त्याहून ते जास्त होतं, हे मला समोरून उलटं असूनही दिसलं. मग त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, आत बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नजरेच्या घेराची एक टेस्ट करायला बोलावलं. तीनचार तास धूसर दिसेल, एकटे जाऊ नका, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, या पनवेलात मी डोळे मिटून फिरतो.

बाहेर आलो तर ऊन असं भाजत होतं की पुढचा माणूस नुसता पांढरा. तेवढ्यात शेजारी गाडी थांबली आणि काच खाली झाली. आवाज बुधाजींचा. "बरे गावलात. टूर्नामेंटचं पत्रक छापायला चाललंय, जरा नजर टाका. चूक नको."

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? जो माणूस डोळ्यांचा कागद आणायला निघालाय त्याने त्याच माणसाला म्हणायचं, की मला वाचता येत नाही? मी तो कागद घेतला. त्याच्यावर लाल ढग होते आणि निळे ढग होते. मी मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत सगळे ढग संपवले. "छान आहे. 'भव्य' जरा मोठं करा," असं म्हणून परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मितेशभाई पत्रकच घेऊन आले. तीन हजार प्रती उरणपर्यंत वाटून झाल्या होत्या. 'भव्य' चांगलं मोठं झालं होतं. खाली पंचांची चार नावं होती आणि त्यात माझं नव्हतं. मी बुधाजींना फोन लावला तर ते म्हणाले, "भाऊ, तुमालाच तर दाखवलं. आमाला वाटलं, मोठ्या मनानं सोडून दिलंत."

त्या संतापात मी टेस्टला गेलो.

अंधाऱ्या खोलीत एक मोठा पांढरा वाडगा असतो. त्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र चालवणारा जीवन नावाचा गृहस्थ भला होता. "दिसलं की दाबा, काका," एवढंच तो म्हणाला.

मी बसलो. पहिला ठिपका स्वच्छ होता, दाबलं. दुसरा स्वच्छ, दाबलं. तिसरा मात्र असा होता की चमकला म्हणावं तरी पंचाईत आणि नाही म्हणावं तरी पंचाईत. आता एकतीस वर्षांची सवय. शंका आहे, मग फायदा कोणाला? मी बटणाला हात लावला नाही. त्यानंतर यंत्राने एकामागून एक असली अपिलं सुरू केली आणि मी एकेक करून सगळी फेटाळली. बाहेर आलो तेव्हा इतक्या कडक अंपायरिंगचं मला मनातून समाधान वाटत होतं.

जीवनने रिपोर्ट काढला आणि विचारलं, "काका, झोप लागली होती का?"

कागदावर दोन गोल होते आणि दोन्ही जवळजवळ काळे. डॉक्टरीणबाईंनी ते पाहून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इथपर्यंत आलात कसे?"

"चालत," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा टेस्ट करायला बोलावलं. तोवर घरी ही बातमी मालूने कोणाला सांगितली नाही, फक्त हेतलबेनना सांगितली. हेतलबेन या मितेशभाईंच्या मिसेस, त्यामुळे संध्याकाळपर्यंत चारही मजले दारात. कोणी गाजर सांगितलं, कोणी त्रिफळा. मितेशभाईंनी पहाटे दवातल्या गवतावर अनवाणी चालायला सांगितलं. आमच्या सोसायटीतलं गवत प्लॅस्टिकचं आहे. तरी मालूने मला त्यावर तीन दिवस चालवलं आणि वॉचमन रोज नळीने दव घालायचा.

दुसऱ्या टेस्टला मी ठरवूनच गेलो होतो. दाखव म्हटलं काय दाखवतोस. यंत्राने ठिपका दाखवायच्या आतच मी दाबत होतो. मध्येच जीवन म्हणाला, "काका, आत्ता काहीच दाखवलेलं नाही," तरी मी दाबलं. या खेपेला गोल पांढरेशुभ्र आले. वर एक इंग्रजी ओळ होती, तिचा अर्थ जीवनने दबकत सांगितला. रुग्णाची उत्तरं विश्वासार्ह नाहीत.

मला आयुष्यात लोकांनी काय काय म्हटलंय. पण विश्वासार्ह नाही असं छापून कोणी दिलं नव्हतं. ज्याने बोकड परत पाठवला, त्याला हा एक वाडगा सांगणार? मी तिथेच आवाज चढवला. आरडाओरडा ऐकून डॉक्टरीणबाई आत आल्या आणि मला स्टुलावर बसवून विचारलं, "पहिल्या वेळी काय मनात धरून दाबत होता?"

मी सांगितलं. शंकेचा नियम सांगितला, त्यामागचं तत्त्वही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, "काका, या खोलीत तुम्ही अंपायर नाही. तुम्ही विकेटकीपर. बॅट लागल्यासारखी वाटली तरी कीपर ओरडतो ना? तसं अपील करा. पण वाटलं तरच. आउट की नॉट आउट ते मी बघते."

एवढं सोपं मराठी त्यांना आधी सुचलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते. मी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रामाणिकपणे अपील केलं.

तिसरा कागद काळाही नव्हता आणि पांढराही नव्हता. दोन्ही गोलांत खालच्या बाजूला करडा पट्टा होता, डाव्यात रुंद, उजव्यात बारीक. "काचबिंदूच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "समोरची नजर तुमची उत्तम आहे. खालच्या बाजूची गेलीय."

"मला कुठेच काळं दिसत नाही."

"दिसणारच नाही. तेवढी रिकामी जागा मेंदू आपल्या मनाने भरून टाकतो. आजूबाजूला जे असेल तेच तिथे भरतो. माती असली तर माती."

फेब्रुवारीत बेल्स उडाल्या तेव्हा मी स्टंप्सकडे बघत होतो. क्रीज खाली होती. तिथे मला माती दिसली होती.

आणि मग मला आबा आठवले, आमचे वडील. शेवटच्या वर्षांत ते उंबऱ्यावर पाय नको इतका उंच उचलायचे आणि तरी ठेचकाळायचे. जमिनीवरचा तांब्या रोज लाथाडायचे. मी त्यांच्यावर खेकसायचो, आबा, बघून चाला. ते म्हणायचे, "बगूनच चाल्तोय रं." खरंच बघून चालत होते. आम्ही सगळं मिठावर ढकललं आणि त्यांना कोणाला दाखवलं नाही. मला त्या खोलीत बसल्या बसल्या फार लाज वाटली.

"गेलं ते परत यायचं नाही," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "उरलंय ते राखायचं. सकाळ-संध्याकाळ थेंब, एकदाही चुकवायचे नाहीत. आणि हे रक्तातून येतं. सख्खं भावंड आहे कोणी?"

"बहीण आहे. पण ती माझ्याशी बोलत नाही."

"मग दुसऱ्या कोणाला बोलायला सांगा. तिला आणा, लवकर."

मी ताईला अकरा फोन केले. एकही उचलला नाही. मालूने लावला तर तिने उचलला आणि म्हणाली, "त्या आंधल्याला सांग, पयले सोताचं बग. मना सुईत दोरा ववता येतो." घरत घराण्याचं हे असं आहे. मी कर्नाळ्याचा सुळका सांगतो आणि ती सुईदोरा सांगते. आबा खाडीकडे बघून भरतीची वेळ सांगायचे.

रविवारी उलव्याला बुधाजींच्या साइट ऑफिसात कॅप्टनांची मीटिंग होती. सिमेंटच्या गोण्यांवर आठ गावांचे कॅप्टन बसले होते, चिरनेरचा केतनही होता, माझ्याकडे पाठ करून. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेलो आणि डॉक्टरीणबाईंचं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. काचबिंदू, खालची नजर अधू, उपचार चालू, मैदानात पंच म्हणून उभं राहणं योग्य नाही. गोल शिक्का सगळ्यांना दाखवला.

"कागद मागितलात, कागद आणलाय," मी म्हटलं. "आता माझं ऐका. फेब्रुवारीत केतनला मी आउट दिला. मला तिथे माती दिसली. ती खरी होती की माझ्या मेंदूने भरली, हे मला सांगता येत नाही. म्हणजे शंका आहे. शंकेचा फायदा फलंदाजाला. केतन नॉट आउट. बोट मी खाली घेतो."

ज्यांनी ती टूर्नामेंट जिंकली होती त्यांचा कॅप्टन घाईघाईने म्हणाला, "मोटारसायकल आता बहिनीच्या लग्नात दिली हाय." त्याला शेजारच्याने गप्प केलं. तेवढ्यात केतन उठला. मान खाली होती.

"मामा, मी आउटच व्हतो," तो म्हणाला. "बॅट टेकलीच नवती माजी. घरी जाऊन आईला म्हनलो, मामानं फसवलं. तिनं ते अख्ख्या चिरनेरात सांगितलं. मंग शब्द मांगं कसा घेऊ?"

दहा महिने. दहा महिने मी त्या ढोलकीवर नाचणारी माझी पाठ बघत होतो आणि हा पोरगा भाऊबीजेला आईशेजारी बसून करंज्या खात होता. बुधाजी खूश झाले. "म्हंजे निर्नय बरोबर हाय. मंग उभे रावा की फायनलला, काय कागद न् काय."

"मुळीच नाही," मी म्हटलं. "फलंदाज काय म्हणतो याला नियमात किंमत नाही. अंपायरला शंका आहे. केतन नॉट आउट. आणि दिसत नसताना मी उभा राहणार नाही, पायावर डोकं ठेवलंत तरी."

"अरे, पन मी सोता सांगतोय ना..." केतन म्हणाला.

"तू गप्प. तुला शिक्षा वेगळी आहे. उद्या दहाला आईला पनवेलला घेऊन यायचं. तिला आधी खरं सांगायचं, मग रिक्षात बसवायचं. तिला आबांसारखं होऊ द्यायचं नाही मला."

दुसऱ्या दिवशी ती आली. केतनचा एक कान लाल होता, त्यावरून त्याने खरं सांगितलंय हे कळलं. माझ्याकडे न बघता ती सरळ यंत्राच्या खोलीत गेली. मी दाराशी उभा राहिलो. आत बटणाचा आवाज येईना. जीवन विनवत होता, "मावशी, दाबा ना."

"नीट दिसल्याबिगर कशी दाबू? मी खोटं नाय बोलनार."

मी दार ढकललं. "ताई, वाटलं तरी दाब. तू अंपायर नाहीस."

"तू बायेर हो," ती वाडग्यातूनच म्हणाली. दहा महिन्यांनी माझ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. मी बाहेर झालो आणि आत बटण टकटक वाजायला लागलं.

प्रेशर तिचंही वाढलेलं निघालं. पण नजरेचा घेर सगळा शाबूत होता. वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तिलाही सकाळ-संध्याकाळच्या थेंबांची बाटली दिली. ताई बाहेर येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. हातातली बाटली उलटसुलट करत राहिली.

"आबाला पन हाच व्हता?" तिने विचारलं.

"हाच असणार."

तिने पदराने डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काश्या, आंधलाच हायस तू."

समोरचे चार पेशंट माझ्याकडे बघायला लागले. एकतीस वर्षांत हे अपील मी किती वेळा फेटाळलं असेल त्याची गणती नाही. मी उठून उभा राहिलो आणि बोट वर केलं. आउट.

ताईने ते बोट मुठीत धरलं, खाली ओढलं आणि म्हणाली, "चल, चा पाज."